कडेला काय दिसतं? युद्धानंतरच्या ब्रिटनचे प्रेस फोटो वाचायचे कसे

मिठाईच्या दुकानाबाहेर पोरांची झुंबड उडाली आहे. पुढच्या दोघांची नाकं काचेला चिकटलेली, मागचा एक जण चवड्यांवर उभा. फोटोओळ एवढीच : मिठाईवरचं रेशन उठलं, लंडन. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात स्लाइड दाखवताना मी हा फोटो ठासून ‘१९५३’ म्हणून सांगितला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. “फेब्रुवारीत लंडनची पोरं नुसत्या शर्टावर?” एवढंच ते म्हणाले आणि मला पुढचं काही सुचेना.

आजोबांचं बरोबर होतं. ब्रिटनमध्ये मिठाईवरचं रेशन दोनदा उठलं. पहिल्यांदा एप्रिल १९४९ मध्ये. तेव्हा मागणी एवढी उसळली की दुकानं रिकामी पडली आणि ऑगस्टमध्ये सरकारने रेशन पुन्हा लावलं. कायमचं उठलं ते ५ फेब्रुवारी १९५३ रोजी. पोरांची गर्दी आणि दुकानदाराची तारांबळ दोन्ही वेळी सारखीच. फरक होता तो अंगावरच्या कपड्यांत, आणि मी चेहऱ्यांमध्ये रमलो होतो.

त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली : फोटोचा मधला भाग सगळ्यात शेवटी बघायचा. मधोमध बातमी असते, कारण छायाचित्रकाराने ती मुद्दाम तिथे धरलेली असते. कडेला जे आलं ते त्याच्या नकळत आलं, आणि रोजचं जगणं बहुतेक वेळा तिथेच सापडतं. पुढे सांगितलेली पद्धत त्या एका सवयीतून हळूहळू तयार झाली. इतिहास शिकवणाऱ्यांना, जुन्या फोटोंचं वेड असलेल्यांना आणि एखादा लेख किंवा कार्यक्रम करायचा आहे अशांना ती उपयोगी पडेल. काळ धरला आहे तो १९४५ ते साधारण १९६०.

सुरुवात : विषय लहान करा आणि तारखांचा कागद जवळ ठेवा

‘युद्धानंतरचं ब्रिटन’ असं शोधायला गेलात तर हजारो फोटो अंगावर येतील आणि दोन तासांनी हाती काही लागलेलं नसेल. त्यापेक्षा रांगा घ्या. सोमवारची धुणी घ्या : विटांच्या चाळवजा घरांच्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या आणि त्यावर चादरी. समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी घ्या, कॉफी बार घ्या, नाहीतर फक्त १९४७ चा हिवाळा.

मग एका कागदावर तारखा लिहून तो कागद शेजारी ठेवा. माझ्या कागदावर असं आहे : जुलै १९४६ ते जुलै १९४८ पावावर रेशन (प्रत्यक्ष युद्धात पाव कधीच रेशनवर नव्हता, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही). १९४७ च्या सुरुवातीला बर्फ, कोळशाची टंचाई, वीजकपात. ५ जुलै १९४८ राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू. मार्च १९४९ कपड्यांची कूपनं बंद. मे १९५० पेट्रोल मोकळं. १९५१ चा उन्हाळा, लंडनच्या साउथ बँकवर ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हा राष्ट्रीय प्रदर्शन-महोत्सव. ५ ते ९ डिसेंबर १९५२ लंडनमधलं जीवघेणं धुरकं. २ जून १९५३ राणीचा राज्याभिषेक. ४ जुलै १९५४ मांसावरचं बंधन गेलं आणि चौदा वर्षांचं अन्नधान्याचं रेशन संपलं.

रेशन म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण तिथली एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेशनचं पुस्तक गरीब-श्रीमंत सगळ्यांना होतं, आणि प्रत्येकाने आपलं नाव ठरावीक दुकानात नोंदवलेलं असे. त्यामुळे रेशनचा माल थोडा असला तरी मिळायची खात्री असायची. लांबलचक रांगा बऱ्याचदा लागत त्या रेशनवर नसलेल्या मालासाठी : मासळी, सॉसेज, कधीतरी आलेली फळं. म्हणून फोटोत रांग दिसली की ‘रेशनची रांग’ लिहून मोकळं होऊ नका. आधी दुकान कशाचं आहे ते बघा.

शोधायचं कुठे

दोन मोठे साठे आधी ओळखून घ्या. पहिला ‘डेली हेरल्ड’ या कामगार चळवळीच्या वृत्तपत्राचा. ते १९६४ पर्यंत चाललं. त्याच्या संग्रहातले लाखो प्रिंट आज ब्रॅडफर्डच्या नॅशनल सायन्स अँड मीडिया म्युझियममध्ये आहेत. त्यातले काही सायन्स म्युझियम ग्रुपच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. खाणी, गिरण्या, संप, कामगारांच्या वस्त्या यासाठी मी आधी इथे जातो.

दुसरा साठा ‘पिक्चर पोस्ट’चा. एडवर्ड हल्टन यांनी १९३८ मध्ये काढलेलं हे सचित्र साप्ताहिक १९५७ मध्ये बंद पडलं. स्टेफान लोरांट पहिले संपादक, मग टॉम हॉपकिन्सन. बर्ट हार्डी, कर्ट हटन, थर्स्टन हॉपकिन्स, ग्रेस रॉबर्टसन ही नावं लक्षात ठेवा, कारण नावाने शोधलं की चांगलं काम पटकन हाती येतं. अंक बंद पडल्यावर त्याचं छायाचित्रांचं भांडार बीबीसीने घेतलं, आणि हात बदलत बदलत १९९६ मध्ये ते गेटी इमेजेसकडे आलं. कीस्टोन, फॉक्स फोटोज, सेंट्रल प्रेस या फ्लीट स्ट्रीटच्या (लंडनमधल्या वर्तमानपत्रांच्या गल्लीच्या) जमान्यातल्या एजन्सींचे फोटोही आज त्याच छताखाली आहेत.

जोडीला ब्रिटिश पाथेच्या वृत्तपटफिती बघा, त्या यूट्यूबवर फुकट आहेत. फोटोत स्थिर असलेली रांग फितीत पुढे सरकते. बायका बोलताना दिसतात, बसचा कंडक्टर दांड्याला लोंबकळतो. वस्तीचा नकाशा डोळ्यांसमोर आणायचा तर ‘ब्रिटन फ्रॉम अबव्ह’ हा विमानातून घेतलेल्या फोटोंचा संग्रह आहे. त्यात १९५३ पर्यंतचे फोटो सापडतात.

शोधताना शब्द त्या काळचे वापरा. आज ज्याला सुपरमार्केट म्हणतात त्याला तेव्हा ‘सेल्फ सर्व्हिस’ म्हणत. आपली माणसं शोधायची असतील तर नावांची स्पेलिंगं हवी तशी मोडून बघा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधव फ्लायवेट गटात सहावे आले होते. हेलसिंकीचं पदक त्यानंतर चार वर्षांनी. तिथल्या टंकलेखकाने आपली मराठी आडनावं जशी कानावर पडली तशी ठोकलेली असतात. आडनाव एका स्पेलिंगने हाती लागलं नाही तर ‘भारत’, ‘कुस्ती’, ‘१९४८’ असं सुटं सुटं शोधा.

मागची बाजू आधी

छापील प्रिंट हातात असेल किंवा संकेतस्थळावर मागच्या बाजूचं चित्र दिलं असेल, तर पुढची बाजू पालथी घाला आणि मागून सुरू करा. वर्तमानपत्राच्या कचेरीत प्रिंट म्हणजे कामाची वस्तू होती. त्यावर शिक्के बसत, पेन्सिलीने खुणा होत, चिठ्ठ्या डकवल्या जात.

सहसा मागे एक टंकलिखित चिठ्ठी असते : काय, कुठे, कधी, आणि खाली एजन्सीचं नाव. ही मूळ फोटोओळ. तिच्याशेजारी तारखांचे शिक्के असतात, आणि इथे बरेच जण फसतात. शिक्क्याची तारीख फोटो काढल्याची असतेच असं नाही. तो कचेरीत आल्याची असू शकते, छापल्याची असू शकते, किंवा सहा वर्षांनी दुसऱ्याच लेखासाठी पुन्हा बाहेर काढल्याचीही. एकाच प्रिंटवर तीन-चार तारखा असतील तर सगळ्यात जुनी धरा आणि ‘याच्या आधीचा’ एवढंच म्हणा. संगणकावरच्या नोंदीतही असाच एक खड्डा आहे : फोटो ‘१ जानेवारी’चा दिसला की सावध व्हा. नुसतं वर्ष माहीत असताना रकाना भरायचा म्हणून अशी तारीख पडते. १ जानेवारीला किनाऱ्यावर उघड्या अंगाने आइस्क्रीम खाणारी माणसं मी पाहिली आहेत.

पुढच्या बाजूवर मेणपेन्सिलीच्या रेघा असतील तर त्या म्हणजे कापणीच्या खुणा. कागदाची टंचाई युद्धानंतरही बरीच वर्षं चालली. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस दैनिकं मोजक्या पानांची निघत, त्यामुळे फोटो कापून-छाटून दोन बोटांचा करायचे. रेघांच्या बाहेर राहिलेला भाग आपल्यासाठी सोनं असतो. कधी कुणाच्या कोटाच्या कडेने पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढलेली दिसेल. खरखरीत कागदावर आकृती उठून दिसावी म्हणून केलेली ती डागडुजी. फसवाफसवी म्हणून तिच्याकडे बघू नका, पण त्या रेघेलगतच्या तपशिलावर भिस्तही ठेवू नका.

कॅमेरा कुठे होता

याला फार वेळ लागत नाही, पण टाळू नका. दैनिकांचे छायाचित्रकार बराच काळ काचेच्या प्लेटचे अवजड कॅमेरे वापरत. प्लेटा मोजक्याच, त्यामुळे आधी माणसं नीट उभी करायची आणि मगच बटण दाबायचं. फोटोत सगळे एका ओळीत, सगळ्यांची नजर एकाच दिशेला, फ्लॅशचा पांढराफटक उजेड असं दिसलं तर असा कॅमेरा आठवा. फोटो चौकोनी आणि नजर पोटाच्या उंचीवरून असेल, तर वरून मान खाली घालून बघायचा रोलायफ्लेक्स असण्याची शक्यता जास्त. ‘पिक्चर पोस्ट’वाले मुख्यत्वे ३५ मिलिमीटरच्या छोट्या कॅमेऱ्यावर काम करत. खोलीतल्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, माणसं विसरून जाईपर्यंत बसून राहायचं, हे त्यानेच शक्य झालं.

ग्रेस रॉबर्टसनचं उदाहरण घ्या. सुरुवातीला ती ‘डिक म्युअर’ या पुरुषी नावाने फोटो पाठवायची. १९५४ मध्ये तिने लंडनच्या बर्माँडसीतल्या बायकांची मारगेटच्या किनाऱ्यावरची एक दिवसाची सहल टिपली. पबमध्ये जमणाऱ्या, संसाराने पिचलेल्या, वयस्क बायका त्या दिवशी स्कर्ट वर धरून नाचतात, गळ्यात गळे घालतात. तिच्याऐवजी प्लेटचा कॅमेरा घेतलेला एखादा गृहस्थ तिथे असता तर त्याला बसच्या दारात ओळीने उभ्या असलेल्या बायका मिळाल्या असत्या. दोन्ही फोटोंवर ओळ मात्र एकच पडली असती : सहलीला निघालेल्या महिला.

तारीख ठरवणं : कडा, छपरं आणि फुटपाथ

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथेच, आणि मजाही इथेच आहे. फोटो मोठा करा आणि कडेकडेने घड्याळाच्या दिशेने फिरा.

छपरापासून सुरू करा. टीव्हीचा अँटेना दिसतो का? बीबीसीने युद्धात बंद केलेलं दूरचित्रवाणी प्रक्षेपण जून १९४६ मध्ये पुन्हा सुरू झालं, पण ते लंडन आणि आसपास. बर्मिंगहॅमच्या बाजूला ते पोहोचलं डिसेंबर १९४९ मध्ये, उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत ऑक्टोबर १९५१ मध्ये, स्कॉटलंडमध्ये मार्च १९५२ मध्ये. म्हणजे मँचेस्टरच्या गल्लीत धुराड्याला बांधलेला इंग्रजी एच अक्षरासारखा मोठा अँटेना असेल तर फोटो १९५१ च्या आधीचा असणं अवघड. सप्टेंबर १९५५ मध्ये लंडनला आयटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी वाहिनी आली. तिला वेगळा, जास्त आडव्या काड्यांचा छोटा अँटेना लागे. एकाच खांबावर दोन्ही दिसले की त्या घरात दोन वाहिन्या आल्या. राज्याभिषेक सुमारे दोन कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिला. त्यातले कितीतरी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसले होते. आपल्याकडे रविवारी सकाळी ‘रामायण’ ज्यांनी दुसऱ्याच्या घरी पाहिलं त्यांना ते फोटो ओळखीचे वाटतील.

आता खाली रस्त्यावर या. काळे-पांढरे झेब्रा पट्टे ऑक्टोबर १९५१ च्या अखेरीस अधिकृतपणे आले. त्याआधी रस्ता ओलांडायच्या जागी जमिनीत धातूच्या टिकल्या ठोकलेल्या असत आणि कडेला खांबावर नारिंगी गोळा. लंडनमध्ये ट्राम दिसली तर फोटो जुलै १९५२ च्या आधीचा, कारण तेव्हा तिथल्या शेवटच्या ट्रामची मिरवणूक निघाली. पार्किंगचं मीटर दिसलं तर जुलै १९५८ नंतरचा. कोपऱ्यात छोटीशी मिनी मोटार उभी असेल तर ऑगस्ट १९५९ नंतरचा. बुटक्या भिंतीवर लोखंडी गजांचे नुसते खुंट दिसले, तर ते कुंपण युद्धात भंगारासाठी कापून नेलेलं. पण हे खुंट पुढे कित्येक वर्षं तसेच राहिले, त्यावरून वर्ष ठरवू नका.

दुकानाच्या काचेत किमती असतात. एक तिरकी रेघ, डावीकडे शिलिंग, उजवीकडे पेन्स. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड. रुपये-आणे-पैंचा हिशेब ज्यांच्या आजी-आजोबांनी तोंडपाठ केला होता त्यांना हे जड जाणार नाही. आपण एप्रिल १९५७ मध्ये दशमान पद्धतीवर आलो, ते फेब्रुवारी १९७१ मध्ये. कपड्याच्या किंवा फर्निचरच्या दुकानात इंग्रजी ‘सी’ अक्षराची जोडी आणि ४१ आकडा दिसला, तर तो सरकारी ‘युटिलिटी’ मालाचा शिक्का. कमी कापड, कमी लाकूड, ठरावीक नमुने अशी ती योजना होती, आणि ती १९५२ च्या सुमारास गुंडाळली गेली.

कॅफेच्या आत काउंटरवर चकचकीत इटालियन कॉफी यंत्र असेल तर पन्नाशीचं दशक सुरू झालं आहे. लंडनच्या सोहो भागातल्या फ्रिथ स्ट्रीटवरचा मोका बार उघडला तो १९५३ मध्ये. तिथे एका कपावर तासभर रेंगाळणारी, मखमली कॉलरचे लांब कोट घालणारी पोरं दिसली की वर्तमानपत्रं त्यांना ‘टेडी बॉय’ म्हणू लागल्याचा काळ आला. आणि भिंतीवर सिनेमाचं पोस्टर असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते वाचा. सिनेमा कुठल्या आठवड्यात कुठे लागला हे जुन्या वर्तमानपत्रांत सापडतं.

एक इशारा. ‘१९५२ चं धुरकं’ म्हणून फिरणाऱ्या फोटोंवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मशाल धरून बसच्या पुढे चालणारा माणूस, तोंडाला फडकं बांधलेला पोलीस ही दृश्यं लंडनला पुढेही दिसत राहिली. डिसेंबर १९६२ मध्ये पुन्हा मोठं धुरकं आलं होतं. धुक्यात कडा गायब होतात, आणि कडा गेल्या की आपली सगळी साधनं गेली. अशा वेळी मागची चिठ्ठी हाच आधार.

कोण कुणासाठी उभं आहे

प्रेस फोटोत बरंच काही ठरवून केलेलं असतं. हे कळल्यावर काही जण फोटोंवरच रुसतात. त्याची गरज नाही. फक्त ठरवलं कुणी आणि कशासाठी हे विचारायचं. जुलै १९५४ मध्ये रेशन संपलं तेव्हा पुस्तकं जाळण्याचे कार्यक्रम झाले. इंधनमंत्री जेफ्री लॉइड यांनी आपल्या मतदारसंघातल्या सभेत रेशनपुस्तकाची मोठी प्रतिकृती जाळली. प्रतिकृती, कारण खरं पुस्तक तळहाताएवढं, ते मागच्या रांगेला काय दिसणार आणि फोटोत काय उठणार! कार्यक्रम खरा, आनंद खरा, पण आकार कॅमेऱ्यासाठी ठरला.

सोपी कसोटी : फोटोतलं कोण कॅमेऱ्याकडे बघत नाही? त्या माणसावर थांबा. हसणाऱ्या आठ बायकांच्या मागे पिशवी सावरत, कंटाळून उभी असलेली नववी बाई. त्या दिवशी रांगेत उभं राहणं कसं होतं हे ती सांगते.

फोटोओळीतले आकडे आणि शब्द

जून १९४८ मध्ये टिलबरीच्या धक्क्याला लागलेल्या ‘एम्पायर विंडरश’ जहाजाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. कॅरिबियन बेटांवरून आलेले तरुण, कडक इस्त्रीचे सूट, तिरप्या हॅट. त्या काळच्या बातम्यांत एक आकडा पुन्हा पुन्हा येतो : ४९२. तो इतका घट्ट बसला की आजही लोक तोच सांगतात. जहाजाची प्रवासी यादी पाहिली तर हजारावर माणसं होती आणि त्यातल्या आठशेवर जणांनी आपला शेवटचा मुक्काम कॅरिबियनमधला सांगितला होता. त्यात बायका होत्या, मुलं होती, आणि काही पोलिश निर्वासितही. फोटो बघताना मात्र वाटतं की जहाज निव्वळ जमैकन पुरुषांनी भरलं होतं, कारण कॅमेरे त्यांच्याकडेच वळले.

म्हणून ओळीतला प्रत्येक आकडा दुसरीकडे ताडून बघा. प्रवासी याद्या, जनगणना, आणि संसदेच्या कामकाजाचं ‘हॅन्सार्ड’ हे इतिवृत्त. हॅन्सार्ड फुकट वाचता येतं आणि रेशनवरची खडाजंगी वाचायला झकास आहे. शब्दांचंही तेच. ‘मुली’ म्हटलेल्या बाया चाळिशीच्या असू शकतात. ‘दंगल’ म्हटलेली गोष्ट कधी सिनेमागृहात खुर्च्यांमधल्या वाटेत नाचणाऱ्या पोरांची असते.

आणि कुठला फोटो उरला, कुठला विरला हेही विचारा. क्रिकेटच्या आपल्या वाचकांना जून १९५२ ची हेडिंग्ले कसोटी विसरता येत नाही. दुसऱ्या डावात भारताची धावसंख्या शून्य आणि बाद चार. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर, चारांत तीन मराठी माणसं. धावफलकाचा तो फोटो आजही फिरतो. पण याच मांजरेकरांनी याच सामन्याच्या पहिल्या डावात १३३ धावा केल्या होत्या. शून्याचा फोटो आपोआप समोर येतो. शतकाचा तुम्हाला खणून काढावा लागतो. तेव्हा कुठल्याही विषयावर पहिल्या पानावर आलेले फोटो बघून थांबू नका, त्याच दिवसाचे बाकीचे शोधा.

जे छापलंच नाही त्याचाही माग काढता येतो. १९५६ मध्ये थर्स्टन हॉपकिन्सने लिव्हरपूलच्या झोपडवस्त्यांवर एक अख्खी मालिका केली. शहराच्या कारभाऱ्यांनी मालकांकडे तक्रार केली आणि ती ‘पिक्चर पोस्ट’मध्ये आलीच नाही. फोटो मात्र राहिले. म्हणून ‘फोटो प्रसिद्ध झाला का’ हा रकाना आपल्या नोंदीत वेगळा ठेवा.

वापरायचे असतील तर

संकेतस्थळावर दिसतो म्हणजे फुकट, असं नाही. ब्रिटनमध्ये हक्क साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं चालतो, त्यामुळे या काळातले बरेचसे फोटो अजून हक्काखाली आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी बघा, टिपणं काढा. छापायचा किंवा मोठ्या कार्यक्रमात दाखवायचा असेल तर संग्रहाकडून परवानगी घ्या, आणि पैसे भरावे लागतील हे धरून चाला. संग्रहाची पाण्याची खूण (वॉटरमार्क) पुसून वापरलेला फोटो लोकांना लगेच ओळखू येतो.

एक कार्ड भरून बघू

शेवटी सगळं एका कार्डावर उतरवायचं. मी पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं वापरतो, तुम्ही एक्सेल उघडा. नमुना म्हणून बर्ट हार्डीचा ब्लॅकपूलचा फोटो घेतो, कारण तो सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो : किनाऱ्यालगतच्या कठड्यावर बसलेल्या दोन तरुणी, वारा सुटलेला, एकीचा ठिपक्याठिपक्यांचा झगा उडतो आहे आणि दोघी हसताहेत.

कुणी, कुठे छापला : बर्ट हार्डी, ‘पिक्चर पोस्ट’, जुलै १९५१.

कॅमेरा : बॉक्स ब्राउनी, कुणाही हौशी माणसाकडे असायचा तसला साधा डबा. चांगल्या फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही हे दाखवायला हार्डीने तो मुद्दाम घेतला होता. म्हणजे फोटोचा मूळ विषय ब्लॅकपूल नव्हता, कॅमेरा होता. हे कळलं की अर्धं वाचन बदलतं.

पोझ : होय. दोघी ब्लॅकपूलमध्ये कार्यक्रम करणाऱ्या नृत्यपथकातल्या. कठड्यावर तोल सांभाळून हसणं हा त्यांच्या कामाचाच भाग. वारा तेवढा ठरवलेला नव्हता.

मधली बातमी : सुट्टी, मौज, तारुण्य. पुढे अनेकांनी याला ‘युद्धातून सावरलेलं ब्रिटन’ असं नाव दिलं. ते नाव मूळ पानावरून आलेलं नाही.

कडेला : तो झगा. १९४७ मध्ये पॅरिसहून लांब, घेरदार झग्यांची फॅशन आली तेव्हा कूपनं मोजणाऱ्या ब्रिटनमध्ये सरकारी मंडळींनी नाकं मुरडली होती, एवढं कापड आणायचं कुठून म्हणून. कपड्यांची कूपनं संपली मार्च १९४९ मध्ये. हा फोटो त्यानंतर सव्वादोन वर्षांनी छापला गेला. वाऱ्यावर उडायला कापड लागतं, आणि १९४५ च्या उन्हाळ्यात तेवढं कापड अंगावर घालायला कूपनंच पुरली नसती.

अजून शोधायचं : त्याच दिवशी त्याच डब्याने घेतलेले बाकीचे फोटो. आणि झगा विकत घेतलेला, घरी शिवलेला, की पथकाचा?